हँडीकॅमच्या टेपवरचे चौकोन : ड्रॉपआऊट म्हणजे काय आणि चित्राचा दर्जा कशावर ठरतो?



बऱ्याच शाळांच्या कपाटात आणि बऱ्याच घरांच्या माळ्यावर एक डबा असतो. त्यात काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या, प्लॅस्टिकच्या पारदर्शक खोक्यातल्या छोट्या कॅसेट असतात. वर पेनाने लिहिलेलं असतं : 'स्नेहसंमेलन, भाग २', 'आजीची पंचाहत्तरी', 'मुंज'. या मिनी डीव्ही कॅसेट. २००० सालानंतरची दहा-एक वर्षं आपल्याकडचे बहुतेक घरगुती समारंभ आणि शाळेचे कार्यक्रम यांवरच टिपले गेले. आता ते कॅमेरे नव्याने बनत नाहीत. जे आहेत ते म्हातारे झालेत, आणि कॅसेटही.

मग कुणीतरी हौसेने जुना हँडीकॅम शोधून काढतो, कॅसेट घालतो, आणि चित्रावर रंगीबेरंगी चौकोन नाचायला लागतात. आवाज तुटतो. 'टेप खराब झाली' असा निकाल लागतो आणि डबा भंगारात जातो. आजचा पाठ या घाईच्या निकालावर आहे. कारण पुष्कळदा टेप खराब झालेली नसतेच, आणि झाली असली तरी त्यावरचं बहुतेक सगळं शाबूत असतं. चौकोन दिसतात ते नेमके का, हे समजलं की कुठली टेप वाचेल आणि कुठली नाही याचा अंदाज घरबसल्या येतो. शिवाय यात नववी-दहावीचं गणित आहे, विज्ञान आहे, त्यामुळे वर्गातही उपयोगी पडेल.

(एक गंमत. 'ड्रॉपआऊट' हा शब्द आपल्याला गळतीच्या तक्त्यातून ठाऊक आहे, शाळा सोडून गेलेली मुलं. टेपच्या भाषेतही अर्थ फार वेगळा नाही. हजेरीपटावर नाव आहे, पण बाकावर मूल नाही. टेपवर जिथे माहिती असायला हवी तिथे ती मिळत नाही, तो ड्रॉपआऊट.)

टेपवर असतं काय?

डीव्ही हा प्रकार १९९५ साली बाजारात आला. त्यात वापरलेली फीत ६.३५ मिमी म्हणजे पाव इंच रुंद असते आणि तासाभराच्या कॅसेटमध्ये तिची जाडी साधारण ७ मायक्रोमीटर. माणसाचा केस याच्या आठ-दहा पट जाड. या प्लॅस्टिकच्या फितीवर कोबाल्ट धातूची वाफ निर्वात जागेत बसवलेली असते. तो थर एका मायक्रोमीटरहूनही पातळ. आपली सगळी स्नेहसंमेलनं त्या थरात आहेत!

फीत कॅमेऱ्यात सेकंदाला फक्त १८.८ मिमी पुढे सरकते. एवढ्या धिम्या फितीवर एवढी माहिती कशी मावते? युक्ती अशी की फीत हळू चालते, पण वाचणारा-लिहिणारा भाग प्रचंड वेगाने फिरतो. कॅमेऱ्यात २१.७ मिमी व्यासाचा एक चकचकीत धातूचा ड्रम असतो. तो मिनिटाला ९,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १५०. त्याच्या कडेला समोरासमोर दोन इवलीशी हेड बसवलेली असतात. फीत या ड्रमभोवती तिरकी गुंडाळली जाते. त्यामुळे प्रत्येक हेड फितीवर एक तिरपी रेघ ओढत जातं. तिला म्हणतात ट्रॅक. दोन हेड, सेकंदाला १५० फेरे, म्हणजे सेकंदाला ३०० ट्रॅक. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, म्हणून एका चित्राच्या वाट्याला बारा ट्रॅक. हा भागाकार मुलांकडून करून घ्यावा, बारा हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

ड्रमच्या कडेचा वेग काढायलाही सांगा. परीघ गुणिले फेरे : सेकंदाला साधारण १०.२ मीटर, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वेगाने हेड त्या पातळ थराला जवळजवळ चिकटून पळतं. आणि ट्रॅकची रुंदी? १० मायक्रोमीटर. केसाच्या जाडीत सात-आठ ट्रॅक बसतील. लांबीच्या दिशेने एका मिलिमीटरमध्ये सुमारे चार हजार बिट, म्हणजे शून्य आणि एक असे आकडे, असतात.

आता यात धुळीचा एक कण आणून ठेवा. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा, एक दशांश मिलिमीटरचा. त्याच्याखाली एकाच वेळी दहा ट्रॅक येतात आणि प्रत्येकातले चारशेएक बिट झाकले जातात. खडूच्या धुळीत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांनी शाळेच्या वर्गात हा कॅमेरा उघडून कॅसेट बदलली असेल, तर काय होत असेल याची कल्पना करा.

तरीही चित्र दिसतं, ते कसं?

इथे या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग येतो. जुन्या व्हीएचएस कॅसेटमध्ये असा कण आला की पडद्यावर पांढरी रेघ चमकून जायची. जे गेलं ते गेलं. व्हीसीआरमध्ये फार तर वरच्या ओळीचा तुकडा तिथे चिकटवण्याची सोय असे. डिजिटल टेपमध्ये मात्र गेलेले आकडे *पुन्हा शोधून काढले जातात*. अंदाजाने नव्हे, अचूक.

हे कसं शक्य आहे? दहावीच्या पुस्तकातली दोन चलांतील रेषीय समीकरणं आठवा. समजा मला तुम्हाला दोन आकडे कळवायचे आहेत : ५ आणि ७. मी ते आलेखावर मांडतो. पहिल्या जागी ५, दुसऱ्या जागी ७. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. ती पुढे वाढवली की तिसऱ्या जागी ९ येतात, चौथ्या जागी ११. मी तुम्हाला चारही आकडे पाठवतो : ५, ७, ९, ११. वाटेत कुठलेही दोन पुसले गेले, तरी उरलेल्या दोन बिंदूंतून तुम्ही तीच रेषा काढाल आणि हरवलेले आकडे मिळवाल.

आता दुसरा प्रसंग. आकडे पुसले गेले नाहीत, पण एक चुकीचा आला : ५, ८, ९, ११. कुठला चुकीचा ते कुणी सांगितलेलं नाही. तरी पट्टी लावून बघा. ५, ९ आणि ११ एका रेषेत येतात, ८ बाहेर पडतो. चोर सापडला. म्हणजे दोन जादा आकड्यांच्या बळावर 'कुठे गेलं' हे माहीत असेल तर दोन चुका भरून निघतात, आणि माहीत नसेल तर एकच. हे प्रमाण लक्षात ठेवा.

आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली याच कल्पनेचं मोठं रूप मांडलं. सरळ रेषेऐवजी वरच्या घाताच्या बहुपदी, आणि साध्या संख्यांऐवजी ठरावीक संख्यांचंच एक बंदिस्त गणित. तेच रीड-सॉलोमन संकेत सीडीत आहेत आणि बालभारतीच्या पुस्तकांवर छापलेल्या क्यूआर कोडमध्येही. त्या कोडवर शाईचा ठिपका पडला, कोपरा थोडा फाटला, तरी फोन तो वाचतो. हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो. मात्र तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन झाकू नका, त्यावरून फोनला कोड कुठे आहे ते कळतं.

डीव्हीमध्ये ही व्यवस्था दुहेरी आहे. चित्राची माहिती छोट्या छोट्या पुड्यांत बांधलेली असते. प्रत्येक पुडीत ७७ बाइट माहिती आणि ८ बाइट जादा. वरच्या प्रमाणानुसार या आठाच्या जोरावर पुडीतल्या चार चुका पुडीतल्या पुडीत दुरुस्त होतात. त्याहून जास्त बिघाड असेल तर ती पुडीच बाद धरली जाते. मग दुसरी फळी कामाला लागते. एका ट्रॅकवर चित्राच्या विभागात १४९ पुड्या असतात आणि त्यातल्या ११ निव्वळ जादा. कुठल्या पुड्या बाद झाल्या हे पहिल्या फळीने आधीच सांगितलेलं असतं. त्यामुळे एका ट्रॅकवरच्या ११ पुड्यांपर्यंत नुकसान पूर्णपणे भरून काढता येतं. लांबीत मोजलं तर ट्रॅकच्या दिशेने साधारण दोन मिलिमीटरचा ओरखडा! तेवढा ओरखडा पडूनही पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही.

म्हणजे पडद्यावर चौकोन दिसतो तेव्हा त्यामागे, न दिसता दुरुस्त झालेल्या कितीतरी चुका होऊन गेलेल्या असतात. डिजिटल टेप हळूहळू खराब *दिसत* नाही. आतून खराब होत असते, पण गणित झाकून घेतं. आणि एक दिवस सहनशक्ती संपली की एकदम चौकोन. 'मागच्या वर्षी तर छान चालली होती' हे वाक्य म्हणूनच इतक्यांदा ऐकू येतं.

मग चौकोनच का दिसतात?

डीव्हीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. रंगाची माहिती निम्म्याहून कमी ठेवूनही सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास बिट होतात. कॅमेरा ते दाबून पाचपट लहान करतो, सेकंदाला अडीच कोटी. हे दाबणं तुकड्या-तुकड्याने चालतं. चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. आडवे ४५, उभे ३६, एकूण १,६२०. आणि सुंदर गोष्ट ही की वर सांगितलेली एक पुडी म्हणजे साधारण असा एक चौकोन. एका ट्रॅकवर चित्राच्या १३५ पुड्या, बारा ट्रॅक : १३५ गुणिले १२ बरोबर १,६२०. हिशोब तंतोतंत जुळतो.

पुडी हरवली आणि गणितानेही हात टेकले, तर यंत्र त्या जागी *आधीच्या चित्रातला* तोच चौकोन लावून देतं. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, ही लपवाछपवी आहे. आणि ती किती जमते हे दृश्यावर ठरतं. मागचा फळा, भिंत, पडदा, स्थिर बसलेले पाहुणे : तिथे आधीचा चौकोन आणि आताचा चौकोन सारखाच, त्यामुळे काही कळत नाही. नाचणाऱ्या मुलीच्या हाताशी मात्र जुन्या हाताचा तुकडा चिकटून राहतो. म्हणूनच भाषणाच्या टेपा 'चांगल्या' वाटतात आणि लेझीमच्या टेपा 'खराब'. दोन्हींवर धूळ तेवढीच असू शकते.

आवाजाचं तसं नाही. आवाजाचा गेलेला क्षण आधीच्या चित्रातून उसना आणता येत नाही, म्हणून तिथे बहुधा क्षणभर शांतता किंवा टिक् असा आवाज येतो.

टेप दोषी की कॅमेरा?

हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं. विखुरलेले, कधी इथे कधी तिथे चमकून जाणारे एकटेदुकटे चौकोन असतील तर तो खरा ड्रॉपआऊट. टेपवर त्या जागी कण, ओरखडा किंवा सुरकुती आहे.

पण चित्रावर *आडवे पट्टे* दिसत असतील, एक पट्टा जिवंत, त्याखालचा थिजलेला, पुन्हा एक जिवंत, तर टेपला दोष देऊ नका. इथे तो बारा आकडा आठवा. चित्राचे वरपासून खालपर्यंत बारा पट्टे आणि बारा ट्रॅक यांची मांडणी अशी केलेली आहे की एका हेडच्या ट्रॅकवर एकाआड एक पट्टे येतात. बारा ही सम संख्या, त्यामुळे प्रत्येक चित्रात तेच हेड तेच पट्टे वाचतं. एका हेडवर मळ बसला की सहा पट्टे जागच्या जागी गोठतात. म्हणजे एकाआड एक पट्टे दिसणं ही कॅमेऱ्याचं एक डोळं मिटल्याची खूण आहे. दोन्ही हेड मळली तर निळा किंवा काळा पडदा.

आमच्या शाळेत निवृत्त झालेल्या एका बाईंच्या निरोप समारंभाची कॅसेट अशीच 'बाद' म्हणून ठेवलेली होती. ज्या दुकानात दाखवली तिथे 'फीत मेली आहे' असं सांगितलं गेलं होतं. पडद्यावर बघितलं तर चक्क सहा-सहा पट्टे. हेड साफ केलं आणि बाईंचं पाऊण तासाचं भाषण अखंड निघालं, दोन-तीन चौकोन सोडून. बाई आता नाहीत. त्यांचा आवाज असलेली तेवढीच एक गोष्ट शाळेकडे आहे.

हेड साफ करण्यासाठी कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळते. तिच्यावरची फीत किंचित खरखरीत असते, पॉलिश पेपरची अगदी मऊ बहीण म्हणा. ती पाच-दहा सेकंदच चालवायची. 'आणखी स्वच्छ होईल' म्हणून मिनिटभर चालवलीत तर हेडच झिजेल. रिवाइंड करून पुन्हा पुन्हा वापरायची नाही, कारण मळ तिच्यावरच असतो. कानातल्या कापसाच्या काड्या, अत्तराचा स्पिरिट, हातरुमाल यांना ड्रमजवळ फिरकू देऊ नका. दोन-तीनदा कॅसेट फिरवूनही पट्टे गेले नाहीत तर जाणत्या मेकॅनिककडे जा.

तिसरा प्रकार : सगळंच चित्र भरभर फुटतं, पण दुसऱ्या कॅमेऱ्यात तीच टेप नीट चालते. याचं कारण बहुधा एलपी. तासाच्या कॅसेटमध्ये दीड तास बसावा म्हणून अनेकांनी एलपीवर चित्रण केलं. काहींचा समज असतो की एलपीवर चित्राचा दर्जा कमी होतो. नाही होत. बिट तेवढेच, चित्र तेच. फक्त ट्रॅकची रुंदी १० ऐवजी सुमारे ६.७ मायक्रोमीटर होते. रस्ता अरुंद झाला की ज्याने तो आखला त्यालाच त्यावरून नीट चालता येतं. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या हेडची जागा केसभर (केसाच्या दहाव्या भागाएवढी म्हणा) इकडे-तिकडे असली की ते शेजारच्या ट्रॅकवर जातं. म्हणून ज्या कॅमेऱ्याने टिपलं तोच कॅमेरा शोधणं हा पहिला उपाय. मामाकडे, काकाकडे, शाळेच्या जुन्या सामानात विचारून बघा.

महागडी टेप घेतली तर चित्र चांगलं यायचं का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा आणि दुकानदार 'हो' म्हणायचे. उत्तर नाही असं आहे. शून्य आणि एक स्वस्त टेपवर लिहिले काय आणि महाग टेपवर लिहिले काय, वाचता आले की चित्र अगदी तेच. चांगल्या टेपचा फायदा एवढाच की तिच्यात ड्रॉपआऊट कमी, आणि ती पुन्हा पुन्हा चालवणं जास्त सोसते. व्हीएचएसच्या काळातली सवय डिजिटल काळात तशीच चालत आली, दुसरं काय. लग्नाचं चित्रण करणारे जुने व्यावसायिक एकाच कंपनीची टेप धरून राहायचे आणि एकदा वापरलेली टेप पुन्हा वापरायचे नाहीत. हे मात्र शहाणपणाचं होतं.

चित्राचा दर्जा ठरतो तो टेपपर्यंत पोचण्याआधीच. भिंग, त्यामागचा प्रकाश टिपणारा तुकडा, आणि प्रकाश. घरगुती हँडीकॅममधला तो तुकडा करंगळीच्या नखाहून खूप लहान असायचा. संध्याकाळच्या स्नेहसंमेलनात मंचावर दोन दिवे आणि मागे काळोख, की कॅमेरा आलेला क्षीण संकेत वाढवून घेतो. त्याबरोबर मुंग्याही वाढतात. या मुंग्यांचं आणखी एक दुखणं : त्यांना दाबून लहान करणं कठीण. मग कॅमेरा दिलेल्या अडीच कोटी बिटांत बसवण्यासाठी खऱ्या चित्रातले बारकावे टाकून देतो. कडांभोवती डासांसारखी गुणगुण दिसते ती यामुळे. ही टेपवर *लिहिलेलीच* आहे. हेड साफ करून, दुसऱ्या कॅमेऱ्यात घालून ती जाणार नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'डिजिटल झूम' हाही असाच : तो चित्राचा मधला तुकडा कापून ताणतो, बारकावा एकही वाढवत नाही. ऑप्टिकल झूमचा आकडा खरा, तो नेहमी लहान अक्षरात!

संगणकावर बघताना हलणाऱ्या वस्तूंच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. हे चित्रण एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतून, सेकंदाला ५० अशा हिशोबाने होतं. जुना टीव्ही ती अर्धी चित्रं जशीच्या तशी दाखवायचा, संगणक दोन्ही एकत्र दाखवतो. प्लेअरमध्ये 'डीइंटरलेस' हा पर्याय सुरू केला की दात जातात.

टेप संगणकात घेताना

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळांचं नुकसान झालंय. टेपवर आकडे आहेत. ते आकडे तसेच्या तसे संगणकात उतरवता येतात, आणि त्यासाठी फायरवायर केबल लागते. कॅमेऱ्यावर त्या जागी 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' असं लिहिलेलं असतं. त्याच कॅमेऱ्याला यूएसबीचं भोकही असतं, पण अनेक कॅमेऱ्यांत ते फोटो किंवा हलक्या दर्जाचं चित्र पाठवण्यापुरतंच असतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची केबल जोडलीत तर आकड्यांचं आधी साधं चित्र होतं आणि मग संगणक त्याचे पुन्हा आकडे करतो. छापील पुस्तक हाताशी असताना फळ्यावरून उतरवून घेण्यासारखं ते. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसते. एखाद्या जुन्या संगणकाची किंवा कार्डाची सोय असणारा शोधावा लागतो.

तासाभराच्या टेपची फाईल सुमारे १३ जीबी होते. दुकानदार तुम्हाला डीव्हीडी देऊ करतो, तिच्यात ४.७ जीबीत दोन-दोन तास कोंबलेले असतात. बघायला ती ठीक, जपायला नाही. दुकानात देताना 'मला डीव्हीची मूळ फाईल हार्ड डिस्कवर हवी' असं स्पष्ट सांगा.

उतरवताना चौकोन आले तर टेप पुन्हा एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा आणि परत उतरवा. सुटे कण जागा बदलतात. पहिल्या वेळी गेलेला चौकोन दुसऱ्या वेळी मिळतो आणि दुसराच एखादा जातो. दोन फाईलींतले चांगले तुकडे जोडून एक निर्दोष फाईल करणारं डीव्हीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. लपवाछपवी केलेल्या चौकोनांची खूण फाईलमध्ये राहते आणि ते सॉफ्टवेअर ती वाचतं. म्हणून पहिली फाईल लगेच पुसू नका. पॉजवर ठेवून चहाला मात्र जाऊ नका, तेव्हा फीत थांबलेली असते पण हेड त्याच जागी सेकंदाला तीनशे वेळा घासत असतं.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींसाठी आणखी एक. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. हेड मळेल आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही प्रसाद मिळेल. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. पावसाळ्यात थंड खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की ड्रमवर दव धरतं आणि ओली फीत त्याला चिकटते. कॅमेऱ्याने तशी सूचना दिली तर कॅसेट काढून तासभर थांबा. आणि काहीही करण्याआधी कॅसेटच्या कडेचं छोटं बटण 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी स्नेहसंमेलनावर तुमच्या छताचं चित्रण होणार नाही.

एचडीव्ही असं लिहिलेल्या कॅमेऱ्याची टेप असेल तर उतरवताना दुप्पट काळजी घ्या. कॅसेट तीच, पण त्यात चित्रं एकमेकांच्या आधाराने दाबलेली असतात, आपल्याकडच्या पद्धतीत साधारण बारा-बारांच्या गटात. गटाचं पहिलं चित्र गेलं की सगळा गट कोसळतो. डीव्हीत एका चौकोनावर भागतं, तिथे जवळजवळ अर्धा सेकंद गायब होतो.

वर्गासाठी खेळ

पाचवीपासून पुढे कुणालाही जमतो. एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला पांढरी अशी ३६ कार्डं करा. एका मुलाला २५ कार्डं पाच गुणिले पाच अशी मनाला येतील तशी मांडू द्या. मग तुम्ही 'जरा मोठं करू या' म्हणत सहावी रांग आणि सहावा स्तंभ लावा. लावताना प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक स्तंभात लाल कार्डं सम येतील असं बघा. आता पाठ फिरवा आणि कुणालाही एक कार्ड उलटायला सांगा. वळल्यावर जी रांग विषम आणि जो स्तंभ विषम, त्यांच्या छेदावर बोट ठेवा. मुलं चक्रावतात आणि दोन-तीन फेऱ्यांत कुणीतरी गुपित ओळखतंच.

खरी मजा त्यानंतर. वेगवेगळ्या रांगांत आणि वेगवेगळ्या स्तंभांत दोन कार्डं उलटायला सांगा : बिघाड झालाय हे कळतं, नेमका कुठे ते कळत नाही. मग एका आयताच्या तीन कोपऱ्यांवरची तीन उलटा : आता एकच रांग आणि एकच स्तंभ विषम दिसतो, आणि ओळखणारा मोठ्या आत्मविश्वासाने चौथ्या कोपऱ्यातल्या निर्दोष कार्डावर बोट ठेवतो. शेवटी चारही कोपरे उलटा, आणि वर्गाला सगळ्या रांगा आणि सगळे स्तंभ मोजायला लावा.